लिटरभर काळं ऑईल

घरी बाईकचं ऑईल बदललं की पैसे वाचतात असं जो सांगतो त्याने एकतर हिशोब केलेला नसतो, नाहीतर त्याने पाने अजून विकत घेतलेले नसतात. चौकातला मेकॅनिक ऑईल बदलायची मजुरी घेतो शंभर, फार तर दीडशे, आणि तेवढ्यात चेन ताणून देतो, ब्रेक बघतो, वर आपल्याला चहाही पाजतो. मी गोटी पान्यांचा सेट घेतला, नरसाळं घेतलं, हातमोजे घेतले, घमेलं घरातलंच होतं पण ते आता घरातलं राहिलं नाही त्यामुळे बायकोला दुसरं आणून द्यावं लागलं. हे सगळं वसूल होईपर्यंत पेट्रोलच्या गाड्या राहतात की नाही कोणास ठाऊक. तर पैशाचा विषय इथेच संपवू.

मग करायचं कशाला? माझं कारण जरा संशयी माणसाचं आहे. आधी एका गॅरेजला गाडी द्यायचो, तिथल्या बिलात दर सर्व्हिसिंगला ऑईल फिल्टर अशी एक ओळ असायची आणि तिच्यापुढे रक्कमही असायची. पहिल्यांदा घरी ते फिल्टरचं झाकण उघडलं तेव्हा आतला फिल्टर इतका काळाठिक्कर आणि चिपटलेला निघाला की हा मागच्या सर्व्हिसिंगचा नाही हे कळायला मेकॅनिक असायची गरज नव्हती. भांडायला गेलो नाही, कारण पुरावा म्हणून काय दाखवणार, एक घाण कागदाचा गोळा? पण तेव्हापासून आत काय जातंय ते आपल्या डोळ्यांनी बघायची सवय लागली ती लागली.

आणि आमच्या सिडकोत हे काम करणारा मी काही पहिला नाही. नाशिकच्या सिडकोच्या सहा स्कीम आहेत, त्यातल्या घरांत सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधली माणसं खच्चून भरलेली, त्यामुळे गल्लीत एखादा रिटायर्ड फिटर, एखादा टर्नर, एखादा क्वालिटीवाला सापडतोच. रविवारी सकाळी मेन स्टँडवर गाडी लावून कोणी खाली बसलेलं दिसलं की यातला एकजण तरी पेपर हातात घेऊन येऊन उभा राहतो. काही बोलत नाही. नुसता बघतो, आणि तुम्ही पाना चुकीच्या बाजूने लावला की एवढंच म्हणतो, "हं." आमच्या शेजारचे काका अंबडच्या एका कंपनीत टूलरूमला होते, त्यांच्या "हं"चे चार-पाच प्रकार आहेत आणि आता मला ते ओळखू येतात.

माझी गाडी पल्सर १५०, जुनी आहे पण इंजिन अजून खोललेलं नाही. तिला २०डब्ल्यू५० ग्रेडचं ऑईल चालतं. या आकड्यांवरून लोक फार गोंधळतात आणि दुकानदार त्याचा फायदा घेतात म्हणून थोडं थांबून सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा कुठल्या टप्प्यात येतो तो. आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑईल कडाक्याच्या थंडीत लवकर वर चढतं. आता आपल्याकडची थंडी म्हणजे निफाडची थंडी, पारा चार-पाच अंशांवर आला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात आणि द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण २०डब्ल्यू ऑईलची स्टार्टिंगची चाचणी होते उणे १५ अंशाला. म्हणजे निफाडच्या अख्ख्या इतिहासात ते कधी पडलेलं नाही अशा थंडीला. तेव्हा "साहेब थंडी आहे, पातळ ऑईल टाका" असं जानेवारीत कोणी सांगितलं तर हसून पुढे जावं, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाकावं. मॅन्युअल गाडीच्या सीटखाली नाहीतर कपाटात विम्याच्या जुन्या कागदांबरोबर असतं, आणि नव्वद टक्के वाद ते उघडून वाचलं की मिटतात (हा नव्वदचा आकडा माझा, मोजलेला नाही).

त्याहून महत्त्वाची गोष्ट बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. जासो एमए किंवा एमए२, म्हणजे मोटरसायकलच्या ऑईलचं जपानी मानक. कारमध्ये इंजिनचं ऑईल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या मोटरसायकलमध्ये एकच ऑईल तिन्ही ठिकाणी राबतं, इंजिनमध्ये, गिअरमध्ये, आणि क्लचप्लेटा तर त्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. आता क्लचला पकड पाहिजे, घसरायला नको. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात, मायलेज वाढावं म्हणून, ते क्लचप्लेटांवर बसले की चढावर रेस वाढते आणि गाडी जागच्या जागी. कसारा घाटात सामान आणि मागे बायको घेऊन हे झालं की माणूस आयुष्यात विसरत नाही. म्हणून जपानी लोकांनी १९९८ साली मोटरसायकलच्या ऑईलसाठी हे वेगळं मानक काढलं. स्कूटरला मात्र ओला क्लच नसतो, तिचं एमबी वेगळं. भावाच्या कारचं ऑईल अर्धा लिटर उरलंय म्हणून गाडीत ओतणारे लोक मी पाहिलेत, महागातलं होतं म्हणे. महाग असेना का.

डुप्लिकेट ऑईलचाही विषय आहेच. मी द्वारकेकडच्या एका ठरलेल्या दुकानातून घेतो, पक्कं बिल मागतो, झाकणाची सील बघतो. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देताना त्याला सुरीने आडवा कापतो, कारण चांगल्या डब्याला चांगला भाव का मिळतो हे एकदा डोक्यात आलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. भंगारवाला चिडतो. "भाऊ, कापला कशाला, पूर्ण डब्याचे जास्त दिले असते." तेच तर.

आमच्या मामांना हा सगळा खटाटोप बघून हसू येतं. त्यांच्याकडे पूर्वी राजदूत होती, टू-स्ट्रोक, तिचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळूनही जायचं, इंजिनचं ऑईल बदलायचं असं काही कामच नव्हतं, गिअरबॉक्सचं वेगळं असायचं ते वर्षाकाठी आठवलं तर आठवलं. मागे निळा धूर निघायचा, पोरं त्याच्या मागे पळायची. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हळूहळू अख्खा महाराष्ट्र फोर-स्ट्रोकवर गेला, धूर कमी झाला, मायलेज दुप्पट झालं म्हणून गावोगावी लोक खुश, पण त्याबरोबर एक नवीन वस्तू घरोघर तयार व्हायला लागली, जुनं ऑईल. त्याच्याकडे मी नंतर येतो. (स्प्लेंडरवाल्यांसाठी एक वाक्य: तुमच्या गाडीत कागदाचा फिल्टर नसतोच, क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आणि खाली जाळी असते, त्यामुळे दुकानात जाऊन फिल्टर मागू नका, दुकानदार बघत राहील.)

कामाला बसायच्या आधी मी त्रिमूर्ती चौकातून पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून येतो. ऑईल कोमट झालं की पातळ होतं, पटकन आणि पूर्ण खाली येतं, तळाशी बसलेली घाण हलून त्याच्याबरोबर निघते. फार तापवलं तर हात भाजतो, म्हणून आल्यावर चहा होईपर्यंत गाडी तशीच ठेवायची. मग मेन स्टँड, खाली जुना पेपर, त्यावर घमेलं, ऑईल भरायचं झाकण आधी जरा सैल करून ठेवायचं म्हणजे हवा मिळते आणि खालून धार नीट पडते. इंजिनच्या पोटाखाली ड्रेनचा बोल्ट. याला रिंग पाना नाहीतर गोटी पाना, ढिला फिक्स पाना लावून बोल्टचे कोपरे मारायचे नाहीत, एकदा तो गोल झाला की मग छिन्नी, मग वेल्डिंग, मग पश्चात्ताप. पहिला झटका सुटला की पुढे हाताने फिरवायचा, आत दाबत दाबत फिरवायचा आणि शेवटच्या आट्याला चटकन बाजूला घ्यायचा. तरी बोल्ट घमेल्यात पडतोच. पडू द्या, मोजे घातलेत ना.

मोज्यांचं मी उगाच म्हणत नाही. जुन्या ऑईलमध्ये जळलेल्या पेट्रोलमधून आलेली अशी काही रसायनं असतात जी वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिली तर कॅन्सरचा धोका असतो. आपल्याकडच्या मेकॅनिकांचे हात बघा, नखांच्या कडेला कायमची काळी रेघ, रॉकेलने हात धुतात आणि त्याच हाताने वडापाव. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि सांगितलं तर ते हसतात. आमचे काकासुद्धा हसले होते, मग म्हणाले, "आमच्या टूलरूमला बॅरिअर क्रीम यायचं. कोणी लावायचं नाही. डबे घरी न्यायचे लोक, भेगांना लावायला."

धार पडत असते तेव्हा करण्यासारखं काही नसतं. आधी जाड, मग बोटाएवढी, मग सुतासारखी, मग थेंब थेंब. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि तो का आवडतो ते मी घरात कोणाला पटवून देऊ शकलेलो नाही. मोबाईल धरता येत नाही, हात काळे असतात. उठून जाता येत नाही, कुत्रं येऊन घमेल्यात तोंड घालेल. तेव्हा बसायचं आणि बघायचं. चिमटीत थोडं ऑईल घेऊन उन्हात धरलं की त्यात काय आहे ते दिसतं. अगदी बारीक चंदेरी चमक, बोटाला न लागणारी, ती थोडीफार असतेच, गिअर एकमेकांवर घासतात, कुठेतरी जाणार. बोटाला टोचणारा कण लागला तर मात्र काम वाढलं. ऑईल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलंय. आणि पेट्रोलचा वास फार येत असेल तर कार्ब्युरेटर तपासा. गॅरेजमध्ये हे सगळं तुमच्या गाडीतून बाहेर येतं आणि ड्रममध्ये जातं, तुमच्या गाडीचा रिपोर्ट न वाचताच फेकून दिला जातो.

नुसतं काळं आहे म्हणून ऑईल खराब झालं, हा मात्र गैरसमज. ऑईलमध्ये डिटर्जंटसारखे पदार्थ असतात, त्यांचं कामच हे की काजळी इंजिनच्या भिंतीवर बसू न देता आपल्यात धरून ठेवायची. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. खरा म्हातारपणा दिसत नाही, पायाला कळतो. २०डब्ल्यू५० मधला तो पन्नास टिकवायला ऑईलमध्ये लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात, आणि मोटरसायकलमध्ये ते बिचारे गिअरच्या दातांमध्ये चिरडले जाऊन तुटत जातात, ऑईल हळूहळू पातळ होतं, मग गिअर टाकताना खट्ट वाजतं, आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत उभं राहिल्यावर न्यूट्रल काही केल्या सापडत नाही, पहिला नाहीतर दुसरा, पहिला नाहीतर दुसरा. मीटर काहीही सांगो, न्यूट्रल हरवायला लागलं की मी ऑईल आणायला जातो.

आणखी एक गोष्ट जी मला काकांनी पटवली. माझं ऑफिस घरापासून चार-पाच किलोमीटरवर. मला वाटायचं, वा, गाडी फिरतेच किती, ऑईल बदलायची काय घाई. ते म्हणाले उलटं आहे. इंजिन थंड असताना सुरू होतं, जळण्यातून पाण्याची वाफ तयार होते, ती आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, आणि ऑईल पुरेसं तापून ते उडून जायच्या आतच आपण ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करतो. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्याचं ऑईल किलोमीटरच्या हिशोबाने जास्त टिकेल. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी महिने भरले की बदलायचं, मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतात, जो आधी येईल तो. नाशिक छोटं आहे, सगळं जवळ आहे, याचं कौतुक करताना हे कोणी सांगत नाही.

फिल्टर उजव्या बाजूला, क्लच कव्हरवर छोट्या बोल्टांचं एक गोल झाकण असतं त्याच्या आत. हे बोल्ट नाजूक, थोडे थोडे आळीपाळीने सैल करायचे. झाकणामागे स्प्रिंग असते, ती उडून गटारीत जाऊ शकते, आणि फिल्टरची कुठली बाजू आत होती ते काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवायचं (त्यासाठी एक मोजा काढायचा, हे आलंच). उलटा बसला तर ऑईल जिथून जायला पाहिजे तिथून जाणार नाही आणि वरून काही दिसणारही नाही. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, नवीन टाकायची, पंधरा-वीस रुपयांची वस्तू, तिच्यासाठी कंजूषपणा करून मग पार्किंगमध्ये डाग पुसत बसायचं यात काय अर्थ आहे. नवीन ओ-रिंगला बोटाने थोडं नवीन ऑईल चोळायचं, म्हणजे ती बसताना चिरत नाही. ड्रेन बोल्टचा वॉशरही बदलायचा, तो चेपून सील करणारा असतो, एकदा चेपला की त्याचं काम झालं.

आणि बोल्ट परत लावणे. इथे काका पेपर खाली ठेवतात. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, भांडण झालं तर कोण हरणार हे ठरलेलं. "आधी हाताने. हाताने तीन-चार आटे गेले तरच पाना लाव." मग पाना लावल्यावर, "आता पाना मधे धर, टोकाला नको धरूस, टोकाला धरलं की जोर कळत नाही." त्यांच्याकडे टॉर्क पाना आहे, बोल्ट किती जोराने आवळायचा ते ठरवता येणारा, कंपनीतून रिटायर होताना स्वतःच्या पैशाने घेतलेला, मखमली कापडात गुंडाळलेला, तो ते एकदाच देतात, कट् असा आवाज आला की लगेच परत मागतात. ज्यांच्याकडे असे काका नाहीत त्यांनी मॅन्युअलमधला आकडा बघून भाड्याने नाहीतर उधार टॉर्क पाना आणावा. गल्लोगल्ली जे आटे गेलेले असतात, आणि मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागची तारेची गुंडाळी) बसवायला इंजिन घेऊन लेथवाल्याकडे जावं लागतं, ते बोल्ट सैल राहिल्यामुळे नाही, आपल्या माणसांना जोर दाखवायची हौस असते त्यामुळे.

भरणं सोपं. माझ्या गाडीला लिटरच्या आसपास लागतं पण म्हणून सगळं एकदम ओतायचं नाही, थोडं राखायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं म्हणजे नवीन फिल्टर भरतो, बंद करायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि गाडी सरळ मेन स्टँडवर असताना इंजिनच्या उजव्या बाजूला पातळी दाखवणारी छोटी काच असते तिच्यात बघायचं. दोन खुणांच्या मधे. साईड स्टँडवर बघितलं तर काचेत काहीच्या काही दिसतं. जास्त झालं तरी बरं नाही, ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं. एवढं झालं की हात धुवायला मोकळे.

पण हात धुवून वळलात की घमेलं तिथेच असतं. माझ्या मते घरी ऑईल बदलण्यात खरा फरक पडतो तो इथे. गॅरेजला गाडी दिली की जुनं ऑईल आपल्या मालकीचं कधी होतच नाही. आपण नव्याचे पैसे देतो आणि निघतो. घरी केलं की लिटरभर काळं ऑईल, एक ठिबकता फिल्टर आणि चिंध्या, हे सगळं तुमच्या नावावर होतं, आणि त्याचं काय करायचं हे घरी ऑईल कसं बदलायचं ते दाखवणाऱ्या व्हिडिओवाल्यांपैकी कोणी सांगत नाही, त्यांचा व्हिडिओ नवीन ऑईल ओतताना संगीत लावून संपतो.

सल्ले भरपूर मिळाले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा सल्ला, गटारीत ओता, पाऊस आला की जाईल. जाईल हे खरंच आहे. सिडकोचं पावसाचं पाणी नासर्डीला जातं, कागदावर तिचं नाव नंदिनी, आणि नासर्डी टाकळीकडे जाऊन गोदावरीला मिळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते यांची कामं चाललीत, गोदावरी स्वच्छ करायच्या घोषणा रोज पेपरात, आणि आम्ही सिडकोतून वरून लिटर लिटर ऑईल सोडणार. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक आकडा नेहमी दिला जातो, गाडीच्या एका ऑईल चेंजमधलं जुनं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर. तो कारच्या ऑईल चेंजचा आकडा आहे, माझी तर बाईक, चला, चौथा हिस्सा धरा. तरी होतात किती बघा.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथला सेंट्रिंगवाला स्वतःहून आला. "भाऊ, फेकू नका, मला द्या." सेंट्रिंगच्या प्लेटांना काळं ऑईल लावतात, काँक्रीट चिकटू नये म्हणून, ही आपल्याकडची जुनी पद्धत. त्यासाठी वेगळं शटरिंग ऑईल मिळतं पण फुकट मिळतंय तर विकत कोण आणणार. मामा म्हणाले निफाडला घेऊन ये, गोठ्याच्या खांबांना लावतो, वाळवी लागत नाही. लागत नाही हे खरं, लहानपणापासून बघतोय, गोठ्यात शिरलं की शेणाबरोबर तोच वास यायचा. पण ते खांबावरून मातीत उतरतं, आणि खांबापासून हाकेच्या अंतरावर विहीर आहे. मामांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या एका लिटराने विहीर बाटणार काय रे? ट्रॅक्टरचं निघतं ते सात-आठ लिटर असतं, ते कुठे जातं विचार ना." विचारलं. गप्प बसले. म्हणजे तेही खांबांनाच. द्राक्षाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर किती, ब्लोअर किती, डिझेल इंजिनं किती, आणि बहुतेकांचं ऑईल बांधावर बसूनच बदललं जातं, तिथे मी सिडकोत बसून एका लिटराची काळजी करणं म्हणजे जरा शहरी चोचलेच वाटतात, मला पण वाटले.

कायद्याने बघितलं तर जुनं ऑईल हा घातक कचरा आहे. २०१६ चे नियम सांगतात की ते अधिकृत परवानगी असलेल्या रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जुनं ऑईल गोळा होऊन परत शुद्ध होईल हे बघायची जबाबदारी टाकली आहे. आणि ते परत शुद्ध होतंही, कारण ऑईल स्वतः फारसं झिजत नाही, झिजतात त्यात वरून घातलेले पदार्थ, म्हणजे ॲडिटिव्ह, आणि वर घाण मिसळते. ती घाण काढली, पाणी उडवलं, डिस्टिल केलं की मूळ बेस ऑईल हातात येतं. त्याच अमेरिकन खात्याचं गणित असं की ४२ गॅलन कच्च्या तेलातून, म्हणजे एका बॅरलमधून, जेवढं वंगणाचं ऑईल निघतं तेवढं फक्त एक गॅलन जुन्या ऑईलमधून निघतं. म्हणजे घमेल्यात जे आहे तो कचरा नाहीच, मालच आहे. फक्त हा माल घ्यायला तुमच्या दारात एका लिटरासाठी टँकर येत नाही.

घंटागाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला ओला का सुका? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकातल्या मेकॅनिककडे गेलो, त्याने आनंदाने घेतलं असतं, पण त्याचा ड्रम कोण नेतं विचारल्यावर "येतो एकजण टेम्पो घेऊन" एवढंच. तो एकजण ते कुठे नेतो, भट्टीत जाळतो की गाळून डब्यात भरून परत मलाच विकतो, देव जाणे. शेवटी अंबड लिंक रोडच्या बाजूला एका चारचाकीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या सुपरवायझरने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती आहे?"

"पाचेक लिटर. साठवलंय."

"पैसे नाही मिळणार बरं का."

"नकोत."

आता त्याचा संशय वाढला. झाकण उघडून वास घेतला. "यात पाणी नाही ना? कूलंट? पेट्रोल? आमचा रिसायकलर पाणी निघालं की अख्ख्या ड्रमचा रेट पाडतो." मी म्हटलं नाही, नुसतं इंजिन ऑईल. मग त्याने मागे नेलं, सिमेंटच्या कट्ट्यावर दोन ड्रम, खाली सांडलं तर अडवायला कडा केलेल्या, भिंतीवर पावतीची फाईल लटकवलेली. फाईल बघायला मागितली तर त्याने खरंच दाखवली, आणि मग आमचं जमलं. फिल्टरचंही त्यानेच सांगितलं, उलटा करून रात्रभर निथळू द्या, निथळलेलं डब्यात घाला, आणि फिल्टर पिशवीत बांधून इकडेच आणा, आमचे पण जातात त्याच गाडीत.

तेव्हापासून जिन्याखाली पाच लिटरचा एक कॅन आहे. त्यावर मार्करने लिहिलंय, फक्त इंजिन ऑईल, पाणी घालू नये. आधी त्यात फक्त माझं असायचं. मग वरच्या मजल्यावरचा पोरगा त्याच्या स्कूटरचं घेऊन आला, गिअर ऑईल वेगळ्या बाटलीत, त्याला विचारावंही लागलं नाही. समोरच्या वहिनींनी मिस्टरांच्या बुलेटचं पाठवलं, एकाच वेळी दोन-अडीच लिटर, कॅनचा अर्धा भाग एका दणक्यात भरला. बायकोचं म्हणणं असं की पाहुणे आले की त्यांना आधी कॅन दिसतो आणि मग आपण, तो कुठेतरी दुसरीकडे हलवा. काका म्हणतात त्यांच्या पोर्चमध्ये ठेवा, पण मग चावी त्यांच्याकडे राहणार आणि कोणी काय ओतलं त्याची वही ते ठेवणार, तारीख, गाडी, किलोमीटर. वहीला माझी हरकत नाही, स्कूटरवाल्या पोराची आहे.

या वेळचा कॅन काठोकाठ आलाय. सुपरवायझर म्हणाला शनिवारी अकराच्या आत या, नंतर वॉशिंगची गर्दी असते. काका पण येणार म्हणतायत. त्यांना तो ड्रम कट्ट्यावर नीट ठेवलाय की नाही ते बघायचंय.